धुळाप्पांचे इष्टलिंग

गेल्या सोमवारी मैंदर्गीहून आलेल्या अक्कम्माशी मी धडधडीत खोटे बोलले, म्हणून हे मृत्युपत्र लिहिणे भाग पडले. मी हेमावती वीरभद्रप्पा, वय ७९, निवृत्त प्राध्यापिका (इतिहास), राहणार सोलापूर. बुद्धी शाबूत आहे. कोणी दडपण आणलेले नाही. तेवढी कोणाची छाती नाही.

१. राहते घर भाचा सोमेश यास. गच्चीवर मोबाइलचा टॉवर बसवू नये. दागिने त्याची बहीण दानेश्वरी हिला. तिच्या लग्नाला मी रुसून गेले नाही. चूक माझी होती.

२. वडिलांचे पाने आणि हातोड्या होटगीच्या नंदीश मिस्त्रीला. तो वापरेल. सोमेश भिंतीवर टांगेल.

३. वडील ब्रह्मदेशात ब्रिटिश रणगाडा ब्रिगेडच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९८४ साली मी त्या ब्रिगेडचा युद्धेतिहास लिहिला. जळत्या रणगाड्यातून बेशुद्ध गोऱ्या चालकाला वडिलांनी बाहेर काढले, असे त्यात छापले. ते खोटे आहे. आत शिरले ते त्यांचे जोडीदार, मैंदर्गीचे धुळाप्पा. वडील चरात पडून होते. धुळाप्पा भाजून तासाभरात गेले. जाताना गळ्यातले इष्टलिंग वडिलांच्या हाती देऊन म्हणाले, "घरी पोचव." वडिलांनी त्यांना रस्त्याकडेला पुरले आणि साहेबाला सांगितले, चालकाला मी काढले, धुळाप्पा कुठे गेला ठाऊक नाही. वडिलांना प्रशस्तिपत्र मिळाले. धुळाप्पा कागदोपत्री बेपत्ता राहिले. त्यानंतर वडील मैंदर्गीच्या वेशीत कधी पाऊल टाकू शकले नाहीत. हे सारे त्यांच्या वहीत आहे. पुस्तक छापायला देण्यापूर्वी मी ती वही वाचली होती.

धुळाप्पांची मुलगी अक्कम्मा, वय ८३, सोमवारी माझे पुस्तक घेऊन आली. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाली, "तुमच्या अप्पाच्या बाजूला हुबा हाय, त्यो माझा अप्पा की. समद्यांची नावं हायती, त्याचंच न्हाय." मग म्हणाली, "अव्वानं मरेस्तवर कुंकू पुसलं न्हाय. म्हणायची, त्यो सांगून गेलाय, लढाईत मेलो तर लिंग तरी घरी यील. आलं न्हाय, म्हंजी जित्ता हाय. तुमी शिकलेल्या, तुमाला कायतरी ठावं असंल."

मी म्हणाले, "मला काही माहीत नाही." इष्टलिंग दहा पावलांवर, माझ्या देवघरात होते. मी तिला चहा दिला.

४. सदर इष्टलिंग व वही माझ्या पश्चात अक्कम्मास द्यावी.

वरील कलम लिहून मी पुन्हा वाचले. वडीलही चरातच लपले होते. कलम ४ रद्द. उद्या मी स्वतः जाते.

सही: हेमावती वीरभद्रप्पा
साक्षीदार: दिग्विजय (माजी विद्यार्थी, वकील), सयाजी (शेजारी)
सोलापूर, १४ नोव्हेंबर २०२५

सोपवल्याची नोंद. मैंदर्गी, १५ नोव्हेंबर, सकाळी अकरा.
इष्टलिंग एक, चांदीच्या डबीसह. दिले. अक्कम्माने डबी उघडली नाही, पदरात बांधली.
वही एक. दिली.
माझे माफीपत्र एक. अक्कम्माची नात महेश्वरी हिने मोठ्याने वाचून दाखवले. अक्कम्मा म्हणाली, "चा लई गोड केला हुता तुमी त्या दिशी." आणि पत्र माझ्या हातात ठेवले. "हे तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, बाई."
परत घेतले.