गौरीच्या पाटातला आवाज

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
नभोदीप उपग्रह टीव्ही सेवा,
विभागीय कार्यालय, घोडबंदर रोड,
ठाणे (पश्चिम).

विषय : सेट-टॉप बॉक्स व होम थिएटर यांच्या जोडणीतून माणसांचे बोलणे नाहीसे झाल्याबाबत, व त्यामुळे अर्जदाराच्या मातोश्रींचेही बोलणे बंद पडल्याबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराच्या यापूर्वीच्या सर्व तक्रारी, ज्या आपणाकडून 'ग्राहकाशी बोलणे न झाल्याने बंद' करण्यात आल्या.
२) आपल्या काउंटरवर मिळालेला तोंडी सल्ला, ज्याचा उल्लेख पुढे मनावर दगड ठेवून केला आहे.

महोदय,

अर्जदार सहदेव जानू पाष्टे, राहणार चोळेगाव, ठाकुर्ली (पूर्व), हा एका सरकारी कचेरीच्या आवक-जावक शाखेतून निवृत्त झालेला इसम आहे. अर्जात 'मी' येऊ नये, 'अर्जदार' यावा, हे त्याच्या हाडीमांसी मुरलेले आहे. तेव्हा खाली ज्या घराची हकीकत येते ते अर्जदाराचेच घर, आणि जी म्हातारी येते ती अर्जदाराचीच आई, एवढे आपण ध्यानात ठेवावे. कागद कोरडा वाटला तरी घरात कोणाचे डोळे कोरडे नाहीत.

१. आपली डिशची छत्री अर्जदाराच्या इमारतीच्या गच्चीवर असून जोडणी मातोश्री श्रीमती गंगुबाई जानू पाष्टे यांच्या नावे आहे. ज्येष्ठ नागरिकांसाठी आपली काही योजना होती, म्हणून आईचे नाव घातले. त्या वेळी ती फार खूश झाली होती. शिधापत्रिका सोडली तर तिच्या नावाचे घरात काहीच नव्हते. 'आता टीव्ही माझा,' असे ती शेजारणींना सांगत फिरली.

२. आईला टीव्ही बघायची नव्हे, टीव्हीशी बोलायची सवय आहे. बातम्या देणारा मुलगा 'नमस्कार' म्हणाला की तीही हात जोडायची आणि 'जेवलास काय रे बाबा?' असे विचारायची. मालिकेतल्या सुनेला ती रोज सावध करायची, 'बाय गं, त्या दुधाला तोंड लावू नको, सासू काळ्या मनाची हाय.' सून ऐकायची नाही, मग आई तिच्यावर चिडायची आणि त्या भरात दोन घास जास्त जेवायची. अर्जदाराच्या पत्नी सौ. मंजुळा यांचे म्हणणे असे, की सासूबाईंचे औषध गोळ्यांत नाही, त्या मालिकेत आहे. घर कसे भरल्यासारखे असायचे, साहेब.

३. यंदाच्या पावसात वीज कडाडली आणि टीव्हीचा स्वतःचा आवाज गेला. चित्र मात्र शाबूत. त्या टीव्हीचा सुटा भाग आता मिळत नाही, असे दुकानदाराने सांगितले. तेव्हा अर्जदाराची कन्या कु. रुचिता, जी आपल्याच घोडबंदर रोडवर नोकरी करते, तिने आजीसाठी होम थिएटर आणले. आपले कर्मचारी श्री. केदार यांनी ते सेट-टॉप बॉक्सला जोडून दिले. कोपऱ्यांत चार लहान डबे, जमिनीवर एक मोठा आणि टीव्हीच्या खाली मधोमध एक काळा, लांबट, पाटाएवढा. आवाज असा खणखणीत आला, की आई म्हणाली, 'माणसं घरात येऊन बसल्यागत वाटतंय.' केदार यांच्याविषयी कोणतीही तक्रार नाही. ते चहा न घेता गेले एवढीच काय ती खंत.

४. यानंतर गणपती आले आणि त्यांच्यामागून गौरी आल्या. पाष्टे मंडळी मूळची कोकणातल्या खेडकडची, आमच्यात गौर उभी करतात. स्टँडवर मुखवटा बसवायचा, साडी नेसवायची, दागिने घालायचे. या वर्षी भावकीतल्या नव्या सुनांचा ओवसा होता, म्हणजे त्या सुपे भरून गौरीपुढे ओवाळायला येणार होत्या, आणि ऐन वेळी ध्यानात आले की स्टँड आखूड पडतो आहे. निऱ्या जमिनीवर लोळू लागल्या. मंजुळा स्वयंपाकघरात, रुचिता फुले आणायला, अर्जदार खाली पाहुण्यांना जिना दाखवायला. आईने इकडेतिकडे पाहिले, टीव्हीखालचा तो काळा लांबट डबा ओढून काढला, मागची वायर उपसली, डबा लाल कापडात गुंडाळला, हळदकुंकू लावले आणि त्यावर गौर उभी केली. गौर एवढी देखणी दिसली की बायका बघत राहिल्या. हा नवा पाट कुठून आणला, हे कोणी विचारले नाही. अर्जदाराला वाटले मंजुळाने आणला, मंजुळाला वाटले अर्जदाराने. एकाच छपराखाली इतकी वर्षे संसार करून माणसे एकमेकांना काय विचारतात, हे आपणही जाणत असाल.

५. गौरीचे विसर्जन झाले. ज्यावर देवी उभी राहिली ती वस्तू खाली-वर कुठेही टाकायची नाही, अशी आमची रीत आहे. आईने तो पाट तसाच लाल कापडात देव्हाऱ्यात देवांखाली सरकवला. मग टीव्ही लावला आणि घात झाला. संगीत येत होते, ढगांचा गडगडाट येत होता, दार आपटल्याचे, भांडी पडल्याचे आवाज येत होते. माणसांचे बोलणे तेवढे येत नव्हते. बातम्या देणारा मुलगा हात जोडून नुसते ओठ हलवत होता. सून रडत होती, सासू हातवारे करत होती, मागे ढोल वाजत होते आणि शब्द एक नाही.

६. आई दिवसभर त्या मुक्या माणसांकडे बघत बसली. संध्याकाळी ती देव्हाऱ्यापुढे जाऊन जे बोलली ते मंजुळाने स्वतःच्या कानांनी ऐकले. ती म्हणाली, 'गौरी माते, मी लय बोलते. मधे मधे तोंड घालते. म्हणून ती माणसं गप झाली. त्यांना वाचा दे. त्यांना वाचा येईतोवर मी पण तोंड उघडणार नाय.' मग मौन धरण्याआधी एवढे राहिले म्हणून स्वयंपाकघराच्या दारात येऊन ती अर्जदाराला म्हणाली, 'सायदेव, दुधाखालचा गॅस बारीक कर.' त्यानंतर ती बोललेली नाही.

७. शेजारच्या इमारतीतील मेकॅनिक श्री. दगडू यांनी येऊन डबे मोजले आणि मधला डबा कुठे गेला, असे विचारले. उलगडा झाला तो तेव्हा. बोलणे सगळे त्या मधल्या डब्यातून येते, बाकीचे डबे नुसते वाजतात, हे त्यांनीच सांगितले. अर्जदार आनंदाने आईकडे धावला आणि वेड्यासारखे बोलून गेला, 'आई, त्यांचा आवाज तुझ्या पाटात आहे!' झाले. आईने पाटाला लोटांगण घातले. त्यांचा आवाज देवीने आपल्यापाशी ठेवून घेतला आहे, अशी तिची खात्रीच पटली. आता तो डबा हलवायला कोणी पुढे झाले की ती देव्हाऱ्यासमोर आडवी होते. या वयात तिला उचलून बाजूला करणे अर्जदाराच्याने होणार नाही, आणि करूही नये.

८. आपण सुचवाल ते उपाय करून झाले आहेत. रुचिताने मोबाईलवर तीच मालिका बोलण्यासकट दाखवली. आईने मोबाईल पालथा घातला आणि टीव्हीकडे बोट दाखवले. मुकी झाली ती टीव्हीतली माणसे, मोबाईलमधली कोणी दुसरी, असे तिचे म्हणणे असावे. नवा टीव्ही आणायचे काढले, तर जुन्याला पाठ लावून बसली. तसा मधला डबा सुटा विकत मिळत नाही. श्री. दगडू यांच्या मते मार्ग एकच आहे. आपल्या सेट-टॉप बॉक्समध्ये आवाजाची एक सेटिंग बदलली, की बोलणे उरलेल्या सगळ्या डब्यांतून येईल आणि देव्हाऱ्याला हात लावावा लागणार नाही. ती सेटिंग आपल्या कंपनीच्या पासवर्डने बंद आहे. दोन बटणांचे काम आहे, असे ते म्हणतात.

९. त्या दोन बटणांसाठी अर्जदाराने आपल्याकडे तक्रार केली. आपला नियम असा, की ज्याच्या नावे जोडणी त्याने फोनवर स्वतःच्या आवाजात 'होय' म्हटल्याशिवाय माणूस पाठवला जात नाही. अर्जदाराने आईला फोनपुढे बसवले. पलीकडची मुलगी फार गोड बोलली, 'आजी, फक्त होय म्हणा.' आईने मान डोलावली. अर्जदार म्हणाला, मान डोलावली. मुलगी म्हणाली, मान रेकॉर्ड होत नाही. आई पुन्हा जोराने मान डोलावत राहिली, डोळ्यांना पाणी आले तरी डोलावत राहिली आणि फोन कट झाला. लगेच संदेश आला : ग्राहक उपलब्ध नाही, तक्रार बंद. ग्राहक समोर पदराने डोळे पुसत होती, साहेब.

१०. अर्जदाराने अंगठ्याचा ठसा देऊ केला. अंगठा फोनवरून चालत नाही, असे उत्तर आले. रुचिताने आजीचा आवाज काढून पाहिला, तर आवाज वयाशी जुळत नसल्याचे तिला सांगण्यात आले. मंजुळाला विनंती केली, तर तिने साफ नकार दिला. जित्या माणसाचा आवाज दुसऱ्याने काढू नये, अवदसा येते, असे तिचे मत आहे आणि आता अर्जदाराचेही तेच मत झाले आहे. थोडक्यात, टीव्हीतली माणसे बोलल्याशिवाय आई बोलणार नाही, आणि आई बोलल्याशिवाय आपण त्या माणसांना बोलू देणार नाही. आपल्यासारख्या जाणत्या अधिकाऱ्याने या तिढ्यातून अर्जदाराने कुठून बाहेर पडावे ते सांगावे.

११. जोडणी स्वतःच्या नावावर करून घ्यावी म्हणून अर्जदार ठाकुर्लीहून घोडबंदर रोडपर्यंत वाहनांच्या रांगेत तिष्ठत आपल्या काउंटरवर आला. तेथील कर्मचाऱ्याने संगणकात पाहून सांगितले, की ग्राहकाने फोनवर स्वतः संमती दिली तर नाव बदलते. ती देता येत नसेल तर दुसरा पर्याय आहे. 'काका, मृत्यू दाखला घेऊन या. लगेच करून देतो.' तो पोरगा वाईट नव्हता. संगणकात जे होते तेच त्याने वाचून दाखवले. पण साहेब, ती माझी आई आहे. घरी आहे. सकाळी उठून तुळशीला पाणी घालते. मी तिचा दाखला कुठून आणू?

क्षमस्व. वर 'मी' असे लिहिले गेले आहे, ते 'अर्जदार' असे वाचावे.

१२. प्रकृतीबाबत. डॉक्टरांनी घसा तपासला, घशात काही दोष नाही. पण ती जेवत नाही. टीव्हीपुढे ताट घेऊन बसते, त्या मुक्या सुनेकडे बघत भात चिवडते आणि ताट तसेच सरकवते. अंगावर लुगडे ठरत नाही, एवढी वाळली आहे. नवरात्र गेले. दसऱ्याला तिने अर्जदाराच्या हातावर आपट्याचे पान ठेवले. आजवर दर वर्षी पान ठेवताना ती म्हणायची, 'सोन्यासारखा रव,' म्हणजे सोन्यासारखा राहा. या वर्षी नुसते पान ठेवले आणि हात तसाच धरून ठेवला. ती आता ऐंशीला टेकली आहे. या वयाला काय केव्हा होईल याचा नेम नाही. अर्जदाराला रात्रंदिवस एकच भीती वाटते, की आईचे आपल्याशी शेवटचे बोलणे दुधाखालच्या गॅसबद्दलचे ठरेल. अर्जदाराला मालिका नको, बातम्या नकोत, आपली एकही वाहिनी नको. आईने एकदा त्याला 'मेल्या, कुठं उलथला होतास?' असे विचारावे, एवढेच हवे आहे.

सबब विनंती की, ग्राहकाने 'होय' म्हणण्याची अट या एका प्रकरणात बाजूला ठेवून श्री. केदार यांना अथवा पासवर्ड ठाऊक असलेल्या कोणालाही अर्जदाराच्या घरी धाडावे. नियम मोडणे शक्य नसल्यास तो आपल्या सोयीने थोडा वाकवावा. तेही जमत नसल्यास आपण स्वतः यावे, आईसमोर बसावे आणि ती ग्राहक असून उपलब्ध आहे, एवढे डोळ्यांनी पाहून जावे. केदार आल्यास त्यांनी चपला बाहेर काढाव्यात, देव्हाऱ्याकडे जाऊ नये आणि या खेपेस चहा घ्यावा.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेला,
नम्र अर्जदार

(सहदेव जानू पाष्टे)
चोळेगाव, ठाकुर्ली (पूर्व)
दिनांक : ९ ऑक्टोबर २०२५

सोबत :
१) ग्राहकाच्या आधार कार्डाची प्रत.
२) डॉक्टरांची चिठ्ठी.
३) गौरीचे छायाचित्र. निऱ्यांखाली लाल कापड दिसते, तोच तो डबा.
४) मृत्यू दाखला : जोडलेला नाही.

ता. क. : घरातून बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी आईला वाचून दाखवायचा, ही वडिलांच्या वेळेपासूनची पद्धत आहे. तिला अक्षर येत नाही, पण कागदात काय चालले आहे ते तिला कळलेच पाहिजे असते. त्याप्रमाणे हा अर्ज तिला देव्हाऱ्यापाशी बसून वाचून दाखवला. अर्जाच्या पोटातले सगळे तिने ऐकून घेतले. परिच्छेद ११ मध्ये तिच्या मृत्यू दाखल्याचा उल्लेख आला, तशी तिने तोंडाला पदर लावला. अर्जदाराला वाटले, रडते आहे. ती हसत होती. खांदे हलेस्तोवर, खोकला लागेस्तोवर हसली आणि त्या हसण्याला आवाज होता. मंजुळा आतून पळत आली. हसणे म्हणजे बोलणे नव्हे, त्यामुळे तिचा नवस मोडलेला नाही, हे नमूद करतो.

तरी साहेब, आपल्याला ग्राहकाचा आवाजच हवा असेल तर एकदा फोन लावावा. फोन आला की मी परिच्छेद ११ तिला पुन्हा वाचून दाखवीन. ती हसेल. ते 'होय' समजावे.