करारापुरते शहर

मी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा दस्तलेखन, राहणार नोंदणी कार्यालयासमोरच्या गल्लीतले तिसरे घर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तपासून तसा दाखला दिला. त्यांनी मला वार, महिना आणि सुनेचे माहेर विचारले, तिन्ही उत्तरे बरोबर आली. मला कोणी धमकावलेले नाही, कोणी गोड बोलून गुंडाळलेलेही नाही. गुंडाळणारी माणसे मी दुसऱ्यांची मृत्युपत्रे लिहिताना पुष्कळ पाहिली आहेत, ती दारात चपला काढतानाच ओळखू येतात. याआधी केलेले माझे मृत्युपत्र रद्द समजावे. ते रागाच्या भरात केले होते आणि त्यात शुद्धलेखनही धड नव्हते.

कलम १. व्याख्या. काही द्यायच्या आधी शब्दांचे अर्थ सांगायचे, ही धंद्याची सवय आहे. 'मुलगा' म्हणजे माझा एकुलता एक मुलगा, जो सध्या माझ्या मेजावर बसून दस्त लिहितो. 'धाकटी' म्हणजे माझी सख्खी धाकटी बहीण, वय अडुसष्ट. 'भाची' म्हणजे धाकटीची मुलगी. 'करार' म्हणजे धाकटी आणि मी यांच्यात चाळीस वर्षांपूर्वी झालेला, माझ्या हातचा दोन पानी करार. 'शहर' या शब्दाला एका ओळीपेक्षा जास्त जागा लागते, तो कलम ६ मध्ये घेतो.

कलम २. राहते घर मुलाला. पश्चिमेची भिंत वीतभर आपल्या जागेत आहे असे शेजारी अकरा वर्षे म्हणत आहेत. फीत घेऊन या, असे मी त्यांना अकरा वर्षे सांगत आहे. मुलाने त्यांच्याशी भांडू नये आणि भिंतही देऊ नये.

कलम ३. माझ्या दिवंगत पत्नीचे शिवणयंत्र आणि माडीवरची खोली सूनबाईंना. त्यांना साधे बटण लावता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण ते यंत्र विकू नये असे वाटणारे घरात त्यांच्याशिवाय कोणी नाही. बँकेत जे काही शिल्लक असेल ते दोघांनी सारखे वाटून घ्यावे.

कलम ४. टाक, पट्ट्या, शाईचे ठसे आणि नमुन्यांच्या तीन फायली मुलाला. मुलगा संगणकावर लिहितो. जुना दस्त उचलतो, नावे बदलतो आणि छापतो. गेल्या वर्षी एका अविवाहित गृहस्थांच्या दस्तात त्याने आधीच्या पक्षकाराची चार अपत्ये तशीच राहू दिली. मी त्याला चारचौघांत झापले. तसे झापण्याचा मला किती अधिकार होता, ते पुढे वाचावे.

कलम ५. सायकल नोंदणी कार्यालयाच्या शिपायाला. सहा वर्षे तो ती न विचारता नेतो, यापुढेही विचारू नये.

कलम ६. शहर. वडील गेले तेव्हा मेज एक होते आणि दस्त लिहिणारी मुले दोन. दोघांनाही त्यांनीच शिकवले होते, आणि खरे सांगायचे तर धाकटीचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. तिने लिहिलेल्या दस्तावर कोणी कोर्टात गेला तरी हात हलवत परत येई. मेजाचे दोन तुकडे होत नाहीत, म्हणून ठरले की शहर माझे आणि शहराबाहेरचे सगळे तिचे. शहरात तिने किंवा तिच्या वारसांनी दस्तलेखन करायचे नाही, शहराबाहेर मी किंवा माझ्या वारसांनी करायचे नाही. करार मी लिहिला. ती आली आणि उभ्याउभ्याच सही करून मोकळी झाली.

"अगं, वाच तरी," मी म्हणालो.

"तू लिहिलंयस ना दादा? मग झालं."

लोकांना शहर म्हणजे रस्ते, दुकाने आणि गर्दी वाटते. करारात शहर म्हणजे नकाशावरची एक रेघ असते, आणि ती कोणती, हे लिहावे लागते. वडिलांची शिकवण अशी की, आजची रेघ लिहिली तर उद्या भांडण होते. तेव्हा 'नगरपालिकेची हद्द, ती वेळोवेळी वाढेल तशी' असे लिहावे. साबणाच्या एजन्सीपासून पाण्याच्या पंपांपर्यंत शेकडो करारांत मी तेच लिहिले होते. धाकटीच्या करारातही हात सवयीने तेच लिहून गेला. त्या वेळी माझ्या मनात काहीही नव्हते, हे मी शपथेवर सांगतो.

धाकटीने शेवटच्या नाक्यापलीकडे, वखारींसमोरच्या बसथांब्याजवळ एक खोली भाड्याने घेतली. पहिली दोन वर्षे तिथे माशा मारत बसली. नंतर तिच्या दाराशी रांग लागू लागली. अठरा वर्षांनी नगरपालिकेची हद्द वाढली, नऊ गावे आत आली, आणि रेघ धाकटीच्या खोलीवरून पलीकडे चार किलोमीटर गेली. तोपर्यंत माझ्याकडची गर्दी ओसरली होती. शहरातली माणसेसुद्धा बस पकडून तिच्याकडे जात होती. मी करार काढला, दोनदा वाचला आणि तिला नोटीस पाठवली. करार लिहिताना माझ्या मनात काही नव्हते. नोटीस लिहिताना होते.

ती नोटीस हातात घेऊन मेजासमोर येऊन उभी राहिली. मेजावर तेव्हा पक्षकार बसले होते.

"दादा, मी कुठे हलले? अठरा वर्षं त्याच खोलीत बसलेय. शहर चालत माझ्याकडे आलं."

"करारात तसंच आहे."

"करारात काय आहे ते कळलं मला. तुझं काय म्हणणं आहे?"

"माझंही तेच," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी तिने खोलीला कुलूप लावले. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ती एका शाळेच्या कचेरीत मुलांचे दाखले लिहीत होती. आम्ही कुठे समोरासमोर आलोच तर ती "कशी आहेस वहिनी?" असे माझ्या पत्नीला विचारी, आणि माझ्या बाजूची खिडकी बघे. याला बावीस वर्षे झाली. मी कायद्याने बरोबर होतो, असे मी या बावीस वर्षांत विचारणाऱ्यांना आणि न विचारणाऱ्यांनाही सांगितले. मी बहिणीशी वाईट वागलो. मला त्याची लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी भाची घरी आली. तिने दस्तलेखनाचा परवाना मिळवला आहे. आईला सोबत घेऊन कार्यालयाजवळ बसायचे तिच्या मनात आहे, आणि आमची काही हरकत आहे का, हे विचारायला ती आली होती. मी तोंड उघडायच्या आत मुलाने कपाटातून करार काढला. "ताई, माझा इलाज नाही," तो म्हणाला. "हा आत्याच्या वारसांनाही लागू आहे." त्याने करार शब्द न् शब्द वाचला होता. मीच शिकवलेला आहे तो.

कलम ७. सबब, माझ्या मृत्यूच्या दिवसापासून करारातील शहराची व्याख्या अशी वाचावी : धाकटी किंवा भाची ज्या जागी मेज मांडून बसतील ती जागा शहराबाहेर आहे, मग ती नोंदणी कार्यालयाच्या दाराला लागून का असेना. वडिलांचे मेज धाकटीला द्यावे.

कलम ८. मुलाने यावर हरकत घेतल्यास घर त्याचेच राहील, पण पश्चिमेची भिंत शेजाऱ्यांना जाईल.

कलम ९. इथपर्यंत लिहून मी हे कागद भाचीच्या हाती धाकटीकडे पाठवले. तिच्याविषयीचा मजकूर तिने आधी पाहावा असे वाटले. उत्तराची चिठ्ठी येईल अशी अपेक्षा होती. आज सकाळी ती स्वतःच आली. चष्मा लावून सगळी पाने वाचली. कलम ३ मध्ये माडीवर दोन खोल्या असताना कोणती खोली ते लिहिलेले नाही, हे तिने दाखवून दिले. (रस्त्याकडची.) मग तिने कलम ७ वर बोट ठेवले.

"हे कधी लागू होणार?"

"मी गेल्यावर. मृत्युपत्र आहे ते."

"म्हणजे आम्ही मायलेकींनी तू कधी जातोस याची वाट बघायची? रोज सकाळी तुझी खबर घ्यायची, आणि तू ठणठणीत आहेस म्हटलं की हिरमुसायचं? मला नाही जमणार ते, दादा."

हे माझ्या ध्यानात आले नव्हते. हयातीत मूठ आवळून बसणारे आणि मेल्यानंतर उदार होणारे पक्षकार मी पन्नास वर्षे पाहिले, घरी येऊन त्यांच्या नकला केल्या, आणि अखेर त्यांच्याच रांगेत जाऊन उभा राहिलो.

"मग काय लिहू?" मी विचारले.

"वेगळा कागद घे. आजची तारीख घाल."

तिने सांगितले आणि मी लिहिले. करार आजपासून संपूर्ण रद्द, उभयतांसाठी आणि वारसांसाठी. चार ओळी झाल्या. त्यांत शहर हा शब्दच आला नाही, त्यामुळे त्याची व्याख्या करावी लागली नाही. मुलाने तोंड वाकडे करून का होईना, साक्षीची सही केली. म्हणून या मृत्युपत्रातील कलम ७ आणि ८ रद्द.

"मेज तरी घेशील?" मी विचारले.

"ते अजस्र मेज आमच्या दारातून आत तरी जाईल का? राहू दे भाच्याकडे."

त्याप्रमाणे मेज मुलाला.

या मृत्युपत्राला एक साक्षीदार म्हणून डॉक्टर आले होते, आता दुसरा हवा होता. गल्लीतल्या छापखानेवाल्यांना बोलावतो म्हणालो, तर धाकटीने माझ्याच हातातले पेन घेतले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, हे मी तिला सांगितले. तिची बाजू स्पष्ट असावी म्हणून सांगितले, आणि तिने थोडे थांबावे म्हणूनही. माझ्याकडून तिने काहीतरी घ्यावे असे मला फार वाटत होते.

"माहीत आहे," ती म्हणाली. "बाबांनी मलाही शिकवलंय. मी घ्यायला आले नव्हते."

तिने मला माफ केले की नाही, हे मी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही.

वरील मजकूर मी लिहिला, मोठ्याने वाचला, आणि खाली नमूद केलेल्या दोघांदेखत सही केली. त्या दोघांनी माझ्यादेखत केली. साक्षीदारांचे रकाने त्यांनी स्वहस्ते भरले आहेत.

ठिकाण : राहते घर, खालची बैठकीची खोली
दिनांक : नऊ ऑक्टोबर दोन हजार चोवीस, बुधवार

सही
(मृत्युपत्र करणार)

साक्षीदार १. सही. धंदा : डॉक्टर. ठिकाण : गल्लीच्या तोंडाशी दवाखाना.

साक्षीदार २. सही. मृत्युपत्र करणाऱ्यांची सख्खी बहीण. धंदा : दस्तलेखन. ठिकाण : शहर.