घाटात टीव्ही बंद

बाबा, तुमच्या बसमधल्या टीव्हीची एक गोष्ट आज तुम्हालाच सांगायला बसलोय. तुम्ही आदिलाबादहून हैदराबादला ती व्हिडिओ कोच चालवायचे, आणि निर्मलचा घाट आला की पिक्चर कितीही रंगात असो, टीव्ही बंद करायचे. मागून लोक ओरडायचे, "ओ ड्रायव्हरसाब, हिरोले मरू द्या, मंग बंद करा!" तुम्ही हसायचे, पण चालू करायचे नाही. एकदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुमच्या मागच्या सीटवर होतो. घाटात हळूच रिमोट दाबला. तुम्ही गाडी कडेला घेतली, सगळ्या बसदेखत माझा कान धरला. "काऊन लावला? माणसं गप बसली का मले गाडी आयकू येते. ब्रेकचा आवाज बदलला तर पयले कानालेच समजते. घाटात पिक्चर नाई पायचा, समजलं?" मी घाट उतरेपर्यंत रडलो. पुढच्या वर्षी तुम्ही वारलात, तेव्हा मी सहावीत होतो.

आता ऐका. मी कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं. माझं जिच्याशी जुळलं होतं तिच्यावरून एक पोरगा घाण बोलला, मी त्याच्या कानाखाली वाजवली, प्रिन्सिपल म्हणाले माफी लिहून दे. मी नाही दिली. उठलो तो उठलोच. ती आपल्या निर्मलकडच्या मुधोळची, माझ्याच वर्गातली. तिनं माफी लिही म्हणून हात जोडले होते. मग दोन वर्षं इकडंतिकडं केलं, आणि गेल्या आठवड्यात दुबईच्या कामाचा व्हिसा आला. तिला सांगितलं ते विमानतळावर पोचल्यावर. कसा आहे ना मी.

पहिल्यांदाच विमान. प्रत्येकासमोर सीटच्या पाठीत टीव्ही, तुमच्या अख्ख्या बसला एक होता. शेजारी निर्मलकडचे एक काका, सुट्टी संपवून परत निघालेले. त्यांनीच माझा फोन घेतला अन् वायफाय जोडून दिलं. "घंटाभर फुकट हाय, पोट्ट्या. पण नुसतं लिहिणंच जाते, बोलणं नाई जात. ध्यानात ठेव."

जोडलं तसा तिचा मेसेज पडला. *चारला पाहुणे येऊन राह्यले मले पाहायला. तू एक शब्द लिही, थांब म्हण, मी नाई म्हणते त्याईले. का कॉलेज सोडलं तसं मलेबी सोडून चालला?*

त्या शेवटच्या ओळीनं माझं डोकं फिरलं. मी तोंडाजवळ फोन धरून चार मिनिटं बोललो. काय काय बोललो ते तुम्हाला लिहवत नाही. पाठवलं तर नुसतं गोल गोल फिरत राह्यलं.

"सांगतलं ना तुले," काका म्हणाले, "बोलणं नाई जात. दोन अक्षरं लिही ना, जाते लगेच."

समोरच्या पडद्यावर नकाशा होता, खाली समुद्र, भारताची वेळ तीनला दहा कमी. फोनवर फुकटची अडतीस मिनिटं बाकी दाखवत होते. 'थांब' लिहायला किती वेळ लागतो? मी ते फिरणारं बोलणं पुसलं, फोन मांडीवर उलटा ठेवला, कानाला हेडफोन लावले आणि मारामारीचा एक पिक्चर लावला. आवाज पूर्ण वर केला. हो बाबा, घाटात.

पण विमानातली पद्धत वेगळी असते. कॅप्टन बोलायला लागला की सगळ्यांचे पडदे एकदम थांबतात. तसा तो दोनदा बोलला. दोन्ही वेळा हिरोचा ठोसा हवेतच राह्यला, आणि आपोआप हात फोनकडं गेला. पहिल्यांदा एकोणतीस मिनिटं. दुसऱ्यांदा अकरा. ती मुधोळला साडी नेसून, फोन मुठीत धरून बसलेली दिसत होती मला. मी 'थां' लिहिलं. तेवढ्यात पिक्चर पुन्हा सुरू झाला, तिची ती ओळ पुन्हा डोक्यात शिरली, आणि मी पुसून टाकलं. *सोडून चालला.* मला म्हणते!

"गेला का मेसेज?" काकांनी विचारलं.

"गेला."

उतरल्यावर फोनला नेटवर्क आलं तेव्हा तिचा बोललेला मेसेज आलेला होता, आवाज रडून बसलेला. "त्याईनं पसंत केली. मी तुझी वाट पाहत गपच बसली, तर घरच्याईनं हो समजलं. रविवारी साखरपुडा हाय. विमानात नेटवर्क नसते ना रे? मले वाटलंच."

आज गुरुवार आहे. खोलीवर आम्ही सहा जण, बाकीचे पाचही मोबाईलवर काहीबाही पाहत पडलेत. हे पत्र मी कुठं टाकणार? तुमचा पत्ता आदिलाबादजवळच्या मावल्याचा, आणि त्या खोलीत आता दुसरं बिऱ्हाड आहे. रविवारच्या आत तिला खरं सांगता येईल, अजून वेळ आहे, हे मलाही कळतं. फोन इथं उशाशीच आहे.

पण त्या दिवशी तिच्या प्रश्नाला मी लगेच उत्तर दिलं, बाबा, दुबईला पासपोर्टच्या रांगेत उभा असतानाच. तिनं एक शब्द मागितला होता ना. मी लिहिलं, 'नसते'.