सारजाबाईंची गाठ

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
शुक्रवार ठरला! अणदूरच्या सारजाबाई, वय चोपन्न. स्वादुपिंडाच्या शेपटीकडं लिंबाएवढी गाठ. पोट न उघडता दुर्बिणीतून काढायची. सोलापूरहून शिवप्रसाद सर येणार, पण या वेळी हत्यारं माझ्या हातात आणि सर समोर उभे.

दोन वर्षं सरांच्या शस्त्रक्रियांत दुर्बिणीचा कॅमेरा धरला. मग थोडाथोडा भाग करू दिला त्यांनी. पूर्ण शस्त्रक्रिया माझ्या हातून झाल्या फक्त दोन. घरी जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची पेटी आहे, आत मोबाइलचा कॅमेरा. तिच्यात हातमोज्याच्या बोटांवर टाके घालत बसते. आज चाळीस घातले. सात सैल.

६ फेब्रुवारी
संमतीपत्रावर सह्या. सारजाबाईंनी सावकाश नाव लिहिलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "बाई, असली आपरेशनं तुमी किती केल्यात?"

मी म्हणाले, "आमच्या टीमनं चाळीसच्या वर."

खोटं नाही. बहुतेक सगळी सरांची. त्यांचे यजमान, ज्ञानोबा, ते ऐकून एकदम निर्धास्त झाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
पाच तास दहा मिनिटं. सरांना तीन लागतात.

स्वादुपिंड लोण्यासारखं मऊ. दुर्बिणीत बोटांना काही कळत नाही — नुसतं पडद्यावर बघून जोर ओळखायचा. मागच्या शिरेपासून सोडवताना रक्त आलं. पडदा लाल. सर आवाज न चढवता म्हणाले, "दाबून धर. थांब. आता बघ." थांबले. रक्तही थांबलं. तुम्ही घेता का, असं मी विचारलं. त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मग पिना मारत कापणारा स्टेपलर लावून शेपटी कापली. जरा घाईच झाली. मला माहीत आहे.

८ फेब्रुवारी
पोटात ठेवलेल्या नळीतलं पाणी स्वच्छ. बाईंनी चहा मागितला!

१० फेब्रुवारी
नळीतलं पाणी मळकट. कापलेल्या तोंडातून स्वादुपिंडाचा रस गळतोय. ताप एकशे दोन.

सरांना फोन केला. म्हणाले, चार-पाचांत एक गळती त्यांच्याही हातून होते. नळी राहू दे, अँटिबायोटिक बदल, पोट उघडू नकोस. सगळं लिहून घेतलं. मग शस्त्रक्रियेचा व्हिडिओ तीनदा पाहिला. कापण्याआधी स्टेपलर निदान दोन मिनिटं दाबून धर, असं सरांनी शिकवलंय. मी धरला अठरा सेकंद.

१२ फेब्रुवारी
ताप आहेच. ज्ञानोबा दाराशी बसून असतात. काही विचारत नाहीत. विचारलं तर बरं होईल.

१५ फेब्रुवारी
ताप उतरला. नळी तशीच.

आज सारजाबाईंजवळ स्टूल ओढून बसले आणि सांगून टाकलं. ती चाळीस सरांची. माझ्या हातचं तुमचं तिसरं. ज्ञानोबा उठून बाहेर गेले. बाईंनी नळीकडं बघितलं. मग म्हणाल्या, "कुनावर तरी शिकावंच लागतंय की. म्या न्हाय म्हनले नसते. पन मला खरं सांगायचं हुतं."

नर्सनं हाक मारली तेव्हा सुटले. सुटले — असंच वाटलं, लाज वाटते.

२१ फेब्रुवारी
नळी काढली. घरी सोडलं. ज्ञानोबांनी माझ्याकडं न बघताच कागद घेतले. बाई जिना उतरताना दर पायरीवर थांबत होत्या.

सरांचा फोन: मार्चमध्ये आणखी दोघी आहेत, तूच कर. वीस-पंचवीस झाल्या की हात बसतो. त्या हिशेबात सारजाबाई म्हणजे तीन.

२४ फेब्रुवारी
गाठीचा रिपोर्ट आला. साधी पाण्याची गाठ. कॅन्सर नव्हता, पुढंही झाला नसता.

शस्त्रक्रियेआधीच्या स्कॅनच्या कागदावर शेवटची एक ओळ होती: 'बहुधा साधी, सहा महिन्यांनी पुन्हा तपासावी.' मी वाचली होती. सरांना फोनवर वाचून दाखवली नाही. या वहीतही लिहिली नाही. मला तिसरी शस्त्रक्रिया हवी होती.

उद्या अणदूरला जाऊन सारजाबाईंना हे सांगायचं आहे.