पक्कडीच्या खुणा

प्रिय खारूताई,

तुझा मेसेज आईच्या फोनवर वाचला. म्हणजे तिने तो मला दोनदा मोठ्यांदा वाचून दाखवला आणि वर माझ्याकडे अशी बघत राहिली, जणू मीच तो लिहिला होता. तू दोन गोष्टी कळवल्यास. एक, तुझ्या नव्या घरात जागा नाही, तेव्हा नेमबाजीची रायफल विकून टाका. दोन, डोळ्यांच्या ऑपरेशनच्या पुढच्या शिक्षणासाठी तुझी निवड झाली आहे, पण तू नाही म्हणणार आहेस. चष्म्याचे नंबर काढण्यातच तू बरी, कारण ‘ऐन वेळी माझा हात डळमळतो, हे मला माहीत आहे.’ कळवायची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे म्हणतेस. पहिल्या कामाला मी लगेच लागलो. दुसऱ्याबद्दल काय बोलावं ते सुचेना. आता सुचलं आहे. फोनवर सांगता आलं असतं, पण सोबत काही वस्तू पाठवायच्या आहेत आणि त्या फोनमध्ये मावत नाहीत.

रायफलीची पेटी कपाटावरून खाली काढली तर तिच्यावर बारा वर्षांची धूळ आणि तुझ्या आईची जुनी शिवणाची पिशवी. आत सगळं जसंच्या तसं आहे. तुझा हातमोजा, कानाची बुचं, आणि कोपऱ्यातल्या कप्प्यात चपटे झालेले पन्नासेक छर्रे. तू लहान असताना टार्गेटखालचे वापरलेले छर्रे वेचून फ्रॉकच्या खिशात साठवायचीस, म्हणून तर तुझं नाव खारूताई पडलं. खिसे फाटायचे आणि शिवायला आई बसायची. आता डॉक्टरीणबाई झालीस, तरी मी हेच नाव वापरणार. तक्रार असेल तर आईकडे करायची.

गिऱ्हाईक आईनेच आणलं. तिची दाढ काढणारे दातांचे डॉक्टर. त्यांना उतारवयात नेमबाजीचा नाद लागला आहे. माणूस सज्जन आहे, पण धीर नावाची चीज त्यांच्याकडे औषधालाही नाही. शनिवारी सकाळी आले. हवा भरून दाखवा, दोन छर्रे मारून बघतो, म्हणाले. तुला हे सगळं पाठ आहे, तरी सांगतो, कारण पुढचं सगळं यावरच आहे. रायफल दाबाच्या हवेवर चालते, म्हणून हवेची मोठी टाकी, टाकीपासून नळी, नळीच्या टोकाला कपलिंग, म्हणजे जोड. ते रायफलीच्या हवा भरायच्या तोटीवर बसवायचं, टाकी हळूहळू उघडायची, रायफलीवरचा दाबाचा काटा वर चढला की टाकी बंद करायची. मग नळीवरचा छोटा स्क्रू ढिला करून नळीत कोंडलेली हवा सोडून द्यायची, आणि तिचा आवाज थांबला की मगच कपलिंगला हात लावायचा. कारखान्यात माझ्या टेबलामागे मी स्वतः रंगवलेली पाटी होती, आठवते? ‘दाब असलेल्या जोडाला हात लावू नये.’ तीस वर्षं नव्या पोरांना मी त्या पाटीखाली उभं करून झापलं आहे.

शनिवारी मी सगळं पाटीप्रमाणे केलं. टाकी बंद, स्क्रू ढिला, नळीचा काटा शून्यावर. आणि कपलिंग निघेना. त्याची सरकती कॉलर मागे ओढली, निघेना. गोल फिरवून पाहिलं, नुसतं फिरतंय. डॉक्टर पाच मिनिटं हाताची घडी घालून उभे होते, सहाव्या मिनिटाला त्यांना राहवेना. पक्कड आणा, एक हिसका देऊ, म्हणाले. ज्याची हयात उपटण्यात गेली, त्याला दुसरं काय सुचणार! पण मी त्यांच्यावर असा ओरडलो की आई स्वयंपाकघरातून लाटणं घेऊन बाहेर आली. नंतर माझं मलाच नवल वाटलं. एवढं ओरडण्यासारखं ते काही बोलले नव्हते. त्यांना दवाखाना उघडायचा होता म्हणून ते गेले. बहुधा थोडे रागावूनच गेले.

मग मी एकटाच बसलो. नळी रिकामी असली तरी रायफलीच्या पोटात हवा गच्च भरलेली, आणि अशा वस्तूशी झटापट करायची नसते. नळी टाकीपासून सोडवली, वाळूची बादली आणली, नळीचं लोढणं लटकत ठेवून रायफलीचं तोंड वाळूत धरलं आणि छर्रा न घालता चाप ओढत बसलो. फट, फट, फट. दीडशेनंतर मोजणं सोडलं. शत्रू किती उरलेत, म्हणून आई दोनदा विचारून गेली. जेवणाच्या वेळेला काटा खाली टेकला. मग गरम पाण्यात पिळलेलं फडकं कपलिंगभोवती गुंडाळलं आणि सिलिकॉन तेलाचा एक थेंब सोडला. साधं तेल नाही, दाबाच्या हवेत ते पेट घेऊ शकतं. दुपारभर तसंच ठेवलं. चहानंतर पुन्हा ओढून पाहिलं, तरी निघेना. तेव्हा तुझी युक्ती आठवली. तू दहा वर्षांची असताना मला शिकवली होतीस. ओढायच्या आधी आत ढकलायचं. आत ढकललं, थोडं फिरवलं, मग कॉलर मागे घेतली. दोन बोटांनी निघून आलं.

इथपर्यंत ही फक्त दुरुस्तीची गोष्ट होती.

कपलिंग कशाला अडकलं होतं ते बघावं म्हणून भिंग लावलं. तोटीच्या कडेवर ओरखडे होते. धातू चेपून त्याची बारीकशी धार वर आली होती आणि तिच्यातच कपलिंग रुतलं होतं. ओरखडे ओळीत होते. तीन दात, मग एक रिकामी जागा, मग दोन दात. तो रिकामा दात मी ओळखतो. माझ्या लाल मुठीच्या पक्कडीचा आहे, तो कारखान्यात तुटला होता. तोटी उघडली तर आतली रबरी रिंग एका बाजूला चिरलेली होती, नखाएवढी. हवा भरताना मला कुठेतरी बारीकसं सूं ऐकू येत होतं, आणि मी माझ्या म्हाताऱ्या कानांना दोष देत होतो.

बारा वर्षांपूर्वीची, नेमबाजी संघाच्या निवड चाचणीची सकाळ आठव. खाली टॅक्सी हॉर्न वाजवत होती, आई डबा शोधत होती, तू जिन्यात बूट घालत होतीस. मी घाईघाईने रायफल भरली आणि नळीतली हवा सोडायला विसरलो. मी, त्या पाटीचा मालक! कपलिंग निघेना. स्क्रू ढिला करायला किती वेळ लागतो? मोजून दहा सेकंद. पण हॉर्न वाजत होता आणि डोकं ठिकाणावर नव्हतं. पक्कड लावली आणि हिसका दिला. फटाका फुटावा तसा आवाज झाला, कपलिंग हातात आलं, हात झिणझिणला. काय झालं, म्हणून तू जिन्यातून विचारलंस, आणि मी म्हणालो, काही नाही, दार आपटलं. काटा जागेवर होता. मी पेटी बंद केली. त्यानंतर त्या तोटीला पुन्हा कपलिंग लागलंच नाही, ते थेट परवाच्या शनिवारी.

साठ छर्रे होते. पहिले पन्नास तू असे मारलेस की माझ्या शेजारचा पंच खुर्चीवरून उठून उभा राहिला. मग शेवटचे दहा खाली जायला लागले. प्रत्येक आधीच्यापेक्षा जरासा खाली. तू काट्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. हवा बाबा बघतात, हा आपला नियम होता. नेम धरायच्या साइटला हात लावला नाहीस, कारण रायफल बिघडू शकते हे तुझ्या मनातच आलं नाही. तू श्वास तपासलास, पाय तपासलेस, खांदा तपासलास. मी मागून सगळं बघत होतो. दोन गुणांनी निवड हुकली आणि तू बाहेर गेलीस. पेटी मी भरली. तेव्हा काटा पाहिला. साठ छर्र्यांनंतर असायला हवा त्याच्या निम्म्यावर होता, आणि दाब पडला की छर्रा खाली लागतो.

आता मला हे म्हणता येणार नाही की शनिवारपर्यंत मला काही कळलं नव्हतं. त्या दिवशीच शंका आली होती. उरलेली हवा मी तिथल्या तिथे सोडून दिली, म्हणजे दुसऱ्या कुणाला काटा दिसायला नको. घरी पोचलो की सांगू, असं ठरवलं. पण टॅक्सीत तू खिडकीकडे तोंड करून रडत होतीस, आणि मला तुझी समजूत घालायची होती, आणि त्याहून जास्त स्वतःला वाचवायचं होतं. मी तुझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, होतं असं बेटा, ऐन वेळी हात डळमळतो. त्यानंतर तू रायफल हातात घेतलीच नाहीस, आणि पुढच्याच महिन्यात नेमबाजी सोडलीस. म्हटलं, बरं झालं, अभ्यासाला लागली. बारा वर्षं मी तेच म्हणत आलो. मला माझी लाज वाटते, खारूताई. हे याहून चांगल्या शब्दांत सांगता येत नाही.

तुझ्या मेसेजमधलं ते वाक्य आईने वाचलं तेव्हा मला ते ओळखीचं वाटलं होतं. ते तुझं नाहीच. माझं आहे, शब्दाला शब्द. मी ते एका चोरीवर पांघरूण म्हणून घातलं आणि तू ते खरं मानून अंगावर घेऊन फिरते आहेस. रायफल मी विकलेली नाही. डॉक्टरांना तसं सांगितलं, आणि ओरडल्याबद्दल माफीही मागितली. तोटी आणि रिंग नवी बसवीन, पुढे काय करायचं ते तू ठरव. लिफाफ्यात ती चिरलेली रिंग आहे आणि तुझ्या टार्गेटचे शेवटचे दहा कागद आहेत, एका छर्र्याला एक. पंचाने ते त्या दिवशी माझ्याकडे दिले होते आणि मी ते विम्याच्या फायलीत लपवले होते. तू ते कधीच पाहिले नाहीस. एकावर एक ठेव आणि खिडकीशी धर. घाबरलेला हात डावीकडे जातो, उजवीकडे जातो, चौफेर उडतो. ही दहा भोकं ओळंबा सोडल्यासारखी एका सरळ रेषेत खाली उतरली आहेत, डावी-उजवीकडे केसभरही नाहीत. हवा संपत होती, निवड हातातून जात होती, आणि तुझा हात दहाच्या दहा वेळा तिथेच होता. महिना संपायला नऊ दिवस आहेत. मला क्षमा करायची की नाही ते सावकाश ठरव. ऑपरेशन शिकवणाऱ्यांना मात्र आधी हो कळव.

तुझाच, आणि तुझा गुन्हेगारही,
बाबा