तुझे बारा शब्द

१४ मार्च

चि. बारक्या,

अनेक आशीर्वाद. चार वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी शेवट वाचशील, तुझी खोड मला ठाऊक आहे. इकडे सगळे खुशाल. तुझे दाजी निवृत्त झाल्यापासून दुकानात येऊन बसतात आणि गिऱ्हाइकांना शिवणयंत्रापेक्षा स्वतःच्या गुडघ्याबद्दल जास्त सांगतात. काम भरपूर आहे. मी सुखात आहे, हे मुद्दाम लिहिते, नाहीतर रडगाणं समजून पत्र बाजूला ठेवशील.

बातमी अशी की बाबांचे तक्ते पुन्हा इंटरनेटवर आले. तीनशे बारा यंत्रांचे: कुठल्याला कोणती सुई, दोरा कुठून ओवायचा, सगळं त्यांच्या अक्षरात. आपल्या साइटचं जुनं नाव गेलं ते गेलंच, तिथे आता कुणीतरी गाद्या विकतो. या वेळी नाव एका कंपनीच्या हातात ठेवलं नाही. तू सांगायचास तसंच केलं. नावांची यादी हजारो लोकांच्या संगणकांवर, प्रत्येकाकडे तीच नक्कल, त्यामुळे कुणा एकाला आपलं नाव खोडता येत नाही. तेव्हा मी तुझी किती टर उडवली होती! साइट उघडायला एक जादा प्रोग्राम लागतो, म्हणून येणारे अजून मोजकेच. पण परवा एका शिंप्यानं कळवलं, त्याच्या आजीचं बंद पडलेलं यंत्र बाबांच्या तक्त्यावरून चालू झालं. दिवसभर मी उगाचच हसत होते.

आता खरं लिहिते. जुनं नाव तू रागानं जाऊ दिलंस, असं मी सगळ्यांना सांगितलं. बाबांनाही. नोंदणी तुझ्या नावावर, म्हणून कुणी शंका घेतली नाही. पण मुदत संपत आल्याच्या सूचना दुकानाच्या ईमेलवर यायच्या आणि ती मीच बघायचे. तीन आल्या. आपलं भांडण ताजं होतं. त्याचं काम त्याचं त्यानं बघावं, म्हणत मी तिन्ही पुसल्या. तुला त्या कधी दिसल्याच नाहीत. माझं चुकलं, बारक्या. चार वर्षं तू ऐकून घेतलंस आणि मी घेऊ दिलं.

काल बाबांना सांगितलं. ते बराच वेळ एकच बॉबिन पुसत राहिले. मग म्हणाले, "पत्र तूच लिही. मी लिहिलं तर तो माझ्यासाठी येईल."

नव्या नावाची किल्ली म्हणजे चोवीस शब्द, ठरलेल्या क्रमानं. हरवले तर दाद मागायला कुठलंच ऑफिस नाही. पहिले बारा माझ्याकडे आहेत, उरलेले सोबतच्या कागदावर. त्यांची नक्कल मी ठेवलेली नाही. दाजींनी विचारलं, त्यानं कागद फाडला तर? म्हटलं, तेवढा त्याचा हक्क आहे.

पुढच्या महिन्यात दुकान मागच्या गल्लीत हलतंय आणि तक्त्यांसाठी नवा संगणक येतोय. साइटचं नाव त्याच्याकडे वळवायचं तर चोवीसही शब्द लागतील. तुझे बारा टपालानं पाठवू नकोस. फोनवरही सांगू नकोस. घेऊन ये.

तुझीच,
ताई