शेपटी मोकळी ठेवून

रविवार, संध्याकाळ

माझ्या गळाच्या बांबूवर गेल्या वर्षीची एक खाच आहे. माझा आजवरचा सगळ्यात मोठा कटला मुठीपासून त्या खाचेपर्यंत भरला होता. सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, मासा बांबूला लावून चाकूने ती पाडली. तेव्हापासून सुट्टी मिळाली की तळेगावहून पवनेच्या धरणावर येते, ती त्या खाचेच्या पुढे जायलाच.

आज गेलेच, असं वाटलं. कटला काठाला आला तेव्हा आबाच ओरडले, "लय मोटा हाय गं!" बांबूला लावला, तर खाचेला एक बोट कमी. मन खट्टूच झालं. माझा अंदाज एवढा चुकतो?

"शेपटीची दोनी टोकं चिमटीत दाबून धर की," आबा म्हणाले. "मागल्या टायमाला म्यां तसंच मोजलं व्हतं. लांब भरतो मग."

म्हणजे ती खाच! वर्षभर मी आबांच्या चिमटीच्या मागे धावत होते? राग यायला हवा होता, पण हसूच आलं. सुनेचा मासा जरा मोठा दिसावा, एवढंच त्यांच्या मनात.

आजचा दाबून बघितलाच नाही. मोकळी शेपटी जिथे संपली, तिथे आबांना नवी खाच पाडायला लावली. जुनीच्या एक बोट अलीकडे.

"मग मोटा ह्यो म्हनायचा का त्यो?"

"हाच, मोकळ्या शेपटीने भरलेला," मी म्हटलं. "आणि जुनी खाच राहू द्या, आबा. पुढचा तिथवर शेपटी न दाबता जाईल."